अकरानंतरची गाणी आणि तरुणांवरचा ठपका

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशांतील लोकसंगीत महोत्सवांवर आलेला लेख वाचला. महोत्सवांची माहिती आणि छायाचित्रे यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती शेवटच्या दोन परिच्छेदांबद्दल. मंचावरचे कार्यक्रम आटोपल्यावर पूर्वी पहाटेपर्यंत गाण्याच्या बैठका रंगत, आता हाती मोबाइल आलेल्या तरुण पिढीला त्यांत रस उरलेला नाही, म्हणून त्या बंद पडत चालल्या आहेत, असा त्या परिच्छेदांचा सूर आहे. नोकरीनिमित्त मी इंग्लंडात आलो त्याला आता पंचेचाळीस वर्षे होत आली आणि त्यांतल्या बहुतेक वर्षी ऑगस्टमधल्या किती तरी रात्री मी अशाच बैठकांत जागून काढल्या आहेत. बैठका बदलल्या, हे खरे आहे. पण त्याचे खापर ज्यांच्या माथी फोडले गेले आहे ते या गुन्ह्याचे धनी नाहीत. थोडेफार धनी असलो तर आम्ही जुने लोक आहोत, आणि आमच्याहूनही अधिक दोष घड्याळाचा आहे.

या बैठकीचे स्वरूप आधी सांगायला हवे, कारण लेखात तिला ‘मैफल’ म्हटले आहे आणि गफलत तिथूनच सुरू होते. मैफलीत गाणारा एक आणि ऐकणारे अनेक असतात. इथे गाणाऱ्यांचीच दाटी असते. इंग्लंडात तिला ‘सिंगअराउंड’ म्हणतात. खुर्च्या जमतील तशा गोलाकार सरकवल्या जातात, एक जण गाणे धरतो, तेही बहुधा वाद्याच्या साथीवाचून, आणि ध्रुवपद आले की सारी खोली झील धरते. ते गाणे संपले की पाळी शेजारच्याकडे जाते. त्याला गायचे नसेल तर तो नुसती मान हलवतो आणि पाळी पुढे सरकते. बेसूर गाणाऱ्यालाही ध्रुवपदाचा आधार मिळतो, किंबहुना त्यालाच तो अधिक जोमाने मिळतो, हे मी स्वानुभवावरून सांगत आहे. ज्याला दुपारी तिकीट काढून ऐकले तो नामवंत गायक रात्री इथे मुकाट्याने आपल्या पाळीची वाट पाहत बसलेला असे, आणि त्याच्या आधीच्या खुर्चीवरचे शाळामास्तर एखाद्या बुडालेल्या जहाजाची चौदा कडव्यांची कथा सावकाश लावत असत.

ही पद्धत महोत्सवांहून जुनी आहे. सफक परगण्यातील ईस्टब्रिज या खेड्यात ‘ईल्स फुट’ नावाचा पब आहे. तिथे शनिवारी रात्री गावकरी जमून गात असत आणि १९३९ मध्ये लोकगीतांचे संग्राहक ए. एल. लॉइड यांच्या पुढाकाराने बीबीसीने त्या गाण्यांचे ध्वनिमुद्रण करून ते प्रसारित केले. तिथे एक अध्यक्ष असे. अध्यक्षाचे काम एवढेच की पुढचा गाणारा कोण ते पुकारायचे आणि ‘ऑर्डर, प्लीज’ म्हणून खोली शांत करायची. पेला हातात घेऊन बसलेल्या चाळीस माणसांना एका म्हाताऱ्याचे गाणे शेवटपर्यंत ऐकायला लावणे हे सोपे काम नव्हे. महोत्सव आले ते नंतर. डेव्हनच्या किनाऱ्यावरील सिडमथचा महोत्सव १९५५ मध्ये सुरू झाला तो मुळात लोकनृत्यांचा होता. गाणे त्यात मागच्या दाराने शिरले आणि पुढे इतके रुजले की तिथल्या ‘अँकर’ पबातील ‘मिडल बार’मध्ये गाणाऱ्या लोकांना त्या खोलीवरूनच ‘मिडल बार सिंगर्स’ असे नाव पडले. सांगायचा मुद्दा असा की ही बैठक कोणा आयोजकाने जन्माला घातलेली नाही. ती आयोजनाच्या फटीत वाढली.

ती फट कशी होती, ते मला एका प्रसंगावरून सांगता येईल. मी आलो त्या सुमारास इंग्लंडात पब साडेदहा-अकराला बंद होत. दहा मिनिटे आधी घंटा वाजे, मग ‘टाइम, जंटलमेन, प्लीज’ ही हाळी येई आणि पेला रिकामा करण्यापुरती सवलत देऊन मालक दिवे मालवू लागे. मंचावरचे कार्यक्रमही त्याच सुमारास संपत. म्हणजे शे-दोनशे माणसे एकाच वेळी रस्त्यावर येत, गळे तापलेले, आणि झोपायची इच्छा एकालाही नाही. त्या काळच्या कायद्यात एक पळवाट होती. हॉटेलात मुक्कामाला असलेल्या पाहुण्याला बंदच्या वेळेनंतरही पेय मागवता येई आणि आपल्या खर्चाने मित्रांनाही पाजता येई. त्यामुळे आमच्यातला कोणी तरी एक जण ऐपत नसताना हॉटेलात खोली घेई आणि त्या एका खोलीच्या जिवावर वीस-बावीस जण त्याचे ‘मित्र’ म्हणून दिवाणखान्यात शिरत. रात्रपाळीचा माणूस हे नाटक जाणून होता. ‘यांतले आपले मित्र कोणते?’ असे तो दरवर्षी गंभीरपणे विचारी.

अशाच एका रात्रीचे गाणे अजून कानांत आहे. दिवाणखान्यात जाड गालिचा आणि मखमली पडदे होते, त्यामुळे आवाज पडल्या जागी विरून जाई; म्हणून जाणती मंडळी खुर्च्या सोडून बाहेरच्या लाकडी जिन्यावर, पायरीगणिक दोघे-दोघे अशी बसली. तळाच्या पायरीवर एक निवृत्त बसचालक होते. त्यांनी डोळे मिटून गाणे सुरू केले, पण पट्टी फार वरची धरली गेली. दुसऱ्या ओळीत आवाज चिरकला, तसे ते थांबले, ‘खाली घेतो’ एवढेच म्हणाले आणि दोन पट्ट्या उतरून पुन्हा पहिल्यापासून गाऊ लागले. कोणी हसले नाही, कोणी खाकरलेही नाही. पहिल्या ध्रुवपदाला चार-पाच आवाज आले, दुसऱ्याला वरच्या पायऱ्यांवरून बायकांनी निराळे सूर जोडले, आणि तिसऱ्याच्या वेळी जिन्याखालच्या अंधारातून कोणाचा तरी खर्ज असा काही मिसळला की हाताखालचा लाकडी कठडा थरथरलेला मला जाणवला. गाणे संपल्यावर टाळ्या पडायला थोडा वेळ लागला. रात्रपाळीचा माणूस किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन दाराशी उभा होता. तो जुडगा वाजू नये म्हणून त्याने मुठीत घट्ट धरला होता.

आता या चित्रात काय काय होते ते पाहावे. एक, ठरलेल्या वेळी पडणारा पडदा. दोन, गजबजाटापासून तुटलेली खोली. तीन, उद्या सकाळी लवकर उठण्याची काळजी नसलेली पंचविशी-तिशीची माणसे. या तिन्ही गोष्टी बदलल्या आहेत आणि त्यांतली एकही मोबाइलने बदललेली नाही.

कायद्याचा भाग थोडा रूक्ष आहे, पण तो टाळून चालणार नाही. १९६४ च्या परवाना कायद्यानुसार पबात करमणुकीच्या वेगळ्या परवान्याशिवाय जास्तीत जास्त दोघांना सादरीकरण करता येई. सारी खोली ध्रुवपद म्हणत असेल तेव्हा गायक किती मोजायचे, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या सोयीने सोडवला होता. २००३ चा नवा कायदा २४ नोव्हेंबर २००५ पासून अमलात आला आणि ही दोघांची सवलत गेली. एकट्याच्या ठरवून केलेल्या गाण्यालाही परवाना आवश्यक झाला. लोकसंगीतवाल्यांनी त्या वेळी पुष्कळ आरडाओरड केली, मीही पत्रे लिहिली. अखेर २०१२ च्या कायद्याने सकाळी ८ ते रात्री ११ या वेळात ध्वनिवर्धकाशिवाय होणाऱ्या गाण्याला परवान्याच्या कक्षेतून बाहेर काढले. वेळ लक्षात घ्यावी: अकरापर्यंत. आमचे गाणे तर अकराला सुरू होई. त्यातही गंमत अशी की आपसूक, उत्स्फूर्तपणे कोणी गाऊ लागले तर त्याला परवाना लागत नाही, असे सरकारी मार्गदर्शक सूचनांतच म्हटले आहे. परवान्याचा प्रश्न येतो तो गाणे ठरवून, जाहीर करून ठेवले की.

पण त्या २००३ च्या कायद्याचा खरा परिणाम निराळाच झाला आणि तो आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आला नव्हता. त्याने पबांना उशिरापर्यंत उघडे राहण्याची मुभा दिली. आम्हाला वाटले, आता रानच मोकळे! प्रत्यक्षात झाले ते असे की अकराची घंटा गेली आणि तिच्याबरोबर अकरानंतरही गेले. महोत्सवाच्या दिवसांत पब बारा, कुठे एक वाजेपर्यंत गजबजलेले राहू लागले. गाणाऱ्यांच्या शेजारी न गाणारे, मोठमोठ्याने बोलणारे, दूरचित्रवाणीवरचा सामना पाहणारे. पूर्वी ज्यांना गाण्याची आच नसे ते अकराला आपोआप गळून पडत. घंटा ही आमची चाळण होती. ती गेल्यावर शांतता मिळेनाशी झाली, आणि ती मिळेपर्यंत निम्म्यांचा धीर सुटू लागला. मर्यादा उठल्यामुळे एखादी गोष्ट कमी होते, हे मला पटायला बरीच वर्षे लागली.

दुसरे कारण कलावंतांच्या मुक्कामाचे. अमेरिकेतील न्यूपोर्टचा महोत्सव १९५९ मध्ये सुरू झाला. १९६३ पासून काही वर्षे तिथे अशी रीत होती की कलावंत नामांकित असो वा अनोळखी, प्रत्येकाला सारखेच ५० डॉलर आणि राहण्या-जेवणाची सोय. सगळे एकाच ठिकाणी मुक्कामाला, सगळ्यांचे मानधन एकच. मग रात्री एकत्र बसून गाणे ओघानेच येई. मी आलो तेव्हा इंग्लंडातही गायक पूर्ण आठवडाभर राहत असत. आताचा व्यावसायिक गायक दुपारी चारला येतो, सहाला गातो, साडेसातला ध्वनिमुद्रिका विकतो आणि नऊ वाजता गाडी काढून दुसऱ्या गावी जातो, कारण एका महोत्सवावर त्याचे पोट भरत नाही. त्याला दोष देता येत नाही. पण बैठकीतली एक महत्त्वाची खुर्ची त्यामुळे रिकामी झाली. चांगला गायक सामान्य गायकाच्या शेजारी बसून झील धरतो तेव्हा सामान्य गायक जे शिकतो, ते त्याला कार्यशाळेत शिकता येत नाही.

अमेरिकेत या बैठका पबांत नव्हे, तंबूंत भरत. टेक्सासमधील केरव्हिलचा महोत्सव १९७२ पासून चालू आहे आणि तो अठरा दिवस चालतो; तिथे जाणारे कित्येक जण मुख्य मंचाकडे फिरकतही नाहीत, रात्रभर शेकोट्यांभोवती आपापली गाणी म्हणत राहतात. तिथली गाणी मात्र बहुतांशी स्वतः रचलेली, त्यामुळे झील धरण्यापेक्षा ऐकण्याकडे कल अधिक. कॅन्ससमधील विनफिल्डचा महोत्सवही त्याच वर्षीचा. तिथे अधिकृत मंच चार आहेत. तंबूत राहणाऱ्यांनी आपल्या मुक्कामाच्या जागी एका जुन्या ट्रकवर पाचवा मंच मांडला आणि त्याला ‘स्टेज फाइव्ह’ असे नाव दिले. आता त्या हौशी मंचाचीच ख्याती झाली आहे आणि तिथे गायला मिळावे म्हणून लोक उत्सुक असतात. हौशीने मांडलेल्या गोष्टीला प्रतिष्ठा आली की तिच्यामागे आणखी एक फट शोधावी लागते. विनफिल्डला ती शोधणारे ट्रकच्या मागच्या अंधारात सापडतील, याबद्दल मला शंका नाही.

मोबाइलच्या वादाशी नाते असलेल्या एका पुस्तकाचा उल्लेख इथेच करतो. अमेरिकेत १९८८ मध्ये सुमारे १,२०० गाण्यांचे शब्द असलेले एक जाडजूड पुस्तक निघाले आणि तिथल्या बैठकांत घरोघरीचे झाले. त्यावरून जुन्यानव्यांत जी भांडणे झाली ती आज मोबाइलवरून चाललेल्या भांडणांसारखीच आहेत. पुस्तकामुळे नवख्यांना गाता आले, हा एक पक्ष. माना खाली गेल्या, नजरा तुटल्या, आणि पाठ नसलेले गाणे सरळ वाचले जाऊ लागले, हा दुसरा. दोन्ही पक्ष खरे बोलत होते. पण तरुणांच्या हाती मोबाइल येण्याच्या किती तरी आधी, १९८८ मध्ये, हे दुखणे सुरू झाले होते आणि ते पुस्तक हाती धरणारे लोक आज सत्तरीपलीकडचे आहेत, एवढे लेखकमहाशयांनी ध्यानात घ्यावे.

आयर्लंडबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथे मी पाहुणा म्हणूनच गेलो आहे. तिथला मोठा महोत्सव, फ्ला किओल, १९५१ मध्ये मलिंगार येथे सुरू झाला आणि त्यातल्या स्पर्धांपेक्षा पबांतले आणि रस्त्यांवरचे वादनच अधिक गाजले. पण वादन वाढले की गाणे मागे पडते. बारा व्हायोलिने आणि सहा बासऱ्या एकत्र सुरू झाल्या की साथीवाचून गाणाऱ्याने काय करायचे? म्हणून गाणाऱ्यांनी तिथे आपल्या वेगळ्या खोल्या धरल्या. तिथली एक रीत मला फार आवडते: ज्याने गाणे म्हटले त्यालाच पुढच्या गायकाचे नाव घेण्याचा मान असतो, त्याला ‘नोबल कॉल’ म्हणतात, आणि ज्याचे नाव घेतले गेले त्याला सहसा नाही म्हणता येत नाही. आयर्लंडच्या पश्चिम भागातल्या जुन्या गायकीत तर गायक तल्लीन झाला की शेजारी बसलेला माणूस त्याचा हात हातात घेऊन जात्याचा खुंटा फिरवावा तसा हळूहळू फिरवत राहतो. हे मी अगदी जवळून पाहिले आहे. गाणारीचे डोळे मिटलेले होते आणि हात फिरवणाऱ्या म्हाताऱ्याचे लक्ष भिंतीवर होते, जणू त्याचा त्या हाताशी काही संबंधच नसावा.

आता वयाकडे येतो. या विषयावर आमच्या पिढीचे लोक बोलायला राजी नसतात. १९८० च्या सुमारास जिन्यावर बसणाऱ्यांतले बहुतेक जण तिशीच्या आतबाहेर होते. आज त्यांतले जे हयात आहेत ते पंच्याहत्तरीच्या आसपास आहेत आणि बैठकीतली बहुसंख्या अजूनही त्यांचीच आहे. तंबू सुटले, त्या जागी आधी गाड्यांतली बिऱ्हाडे आली, मग न्याहारीसह भाड्याच्या खोल्या. खोलीवाली बाई साडेअकराला दार लावते. रात्री गाडी चालवताना समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. मीच काळी दोनच्या पट्टीत म्हणत असे ते गाणे आता खाली उतरून पांढरी एकच्या पट्टीत म्हणतो आणि तरीही वरच्या सुराला दम लागतो. लय तर इतकी ओघळली आहे की खलाश्यांच्या श्रमगीताच्या तालावर आज दोर ओढायची वेळ आली तर जहाज बंदरातून हलायचे नाही. कानांत यंत्रे आली. दोन आवाज एकमेकांत मिसळण्यात जी गोडी होती ती या यंत्रांना कळत नाही, ती त्यातला एक आवाज गोंगाट समजून दाबून टाकतात. पाठांतरही गेले. बहुतेकांच्या मांडीवर आता प्लास्टिकच्या पाकिटांत घातलेल्या कागदांची जाड फाइल असते आणि पाळी येईपर्यंत पानांचा चळचळाट चालू असतो. काहींनी टॅब्लेट घेतले आहेत. अंधाऱ्या खोलीत खालून उजळलेले ते चेहरे पाहून पुष्कळदा वाटते की आपण बैठकीत नसून एखाद्या पंचनाम्याला बसलो आहोत. हे सारे वृद्ध लोक आहेत, संपादकमहाराज.

याच वयामुळे बैठक हळूहळू दिवसाकडे सरकली. आधी ती रात्री साडेअकराऐवजी नऊला भरू लागली, मग दुपारी दोनला. दुपारच्या बैठकीत गाणारे जास्त असतात, सोयही बरी असते, आणि गाणी चांगलीही होतात. पण खिडकीतून ऊन येत असताना मरणाचे गाणे म्हणणे मला अजून जमलेले नाही.

तरुणांविषयी माझी स्वतःची एक कबुली आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी एका रात्री वीस-बावीस वर्षांच्या एका मुलीने मोबाइलवर पाहून गाणे म्हटले. तिचे म्हणून झाल्यावर मी, वयाचा आधार घेऊन, गाणे पाठ करण्याचे महत्त्व तिला जरा जास्तच तपशिलात सांगितले. पाऊण तासाने माझी पाळी आली आणि सहाव्या कडव्याला माझी स्मरणशक्ती संपली. खोली थांबली. त्या मुलीने मोबाइलमध्ये बघून कडवे पुरवले, पण ते माझे कडवे नव्हते. माझ्या कडव्यात नायिका घरी परतते. तिच्या कडव्यात ती परतत नाही. मी म्हटले, असे कडवे नाही. ती म्हणाली, आहे, नॉरफकमधल्या एका गायकाकडून शंभर वर्षांपूर्वी टिपून घेतलेले आहे, आणि ते टिपण संग्रहालयाच्या संकेतस्थळावर आहे. मग ते गाणे बाजूलाच राहिले. पंधरा मिनिटे दोन्ही शेवटांवर वाद झाला, अखेर आम्ही दोघांनी आपापला शेवट एकामागून एक म्हटला आणि खोलीने दोन्हींना सारखीच झील दिली. तिच्या पिढीने गाणे सोडलेले नाही. आम्ही ते एका माणसाच्या तोंडून शिकलो, ती मंडळी एकाच गाण्याची नऊ रूपे शोधून काढतात आणि त्यांतले निवडतात. जानेवारी २०२१ मध्ये समाजमाध्यमांवर खलाश्यांच्या गाण्यांची लाट आली तेव्हा आमच्यातले अनेक जण नाके मुरडत होते. त्या लाटेवरून आलेले काही जण आज बैठकीत आहेत. ते फार भराभर आणि फार मोठ्याने गातात, हे खरे. आम्हीही तसेच गात होतो आणि तेव्हाचे म्हातारे आम्हालाही हेच म्हणत.

ध्वनिचित्रमुद्रणाबद्दलचा लेखातला आक्षेप मात्र मला मान्य आहे. परवानगीवाचून कोणाचेही गाणे टिपून सकाळी जगापुढे टाकणे वाईटच. चुकण्याची मुभा हा त्या खोलीचा पाया आहे. ज्या बसचालकांनी ‘खाली घेतो’ म्हणून गाणे पुन्हा धरले, त्यांच्यासमोर चार कॅमेरे असते तर त्यांनी ते पुन्हा धरले नसते. पण हे करणाऱ्यांत मी पांढऱ्या केसांचे लोकही भरपूर पाहिले आहेत.

यावर उपाय म्हणून आयोजकांनी जे केले ते मला दुखण्याहून भयंकर वाटते. एका महोत्सवाने, ज्याचे नाव मी घेणार नाही, ‘रात्रीची बैठक’ कार्यक्रमपत्रिकेत छापली: वेळ ११ ते १२:३०, स्थळ शाळेचे सभागृह, सूत्रसंचालक अमुक. मी गेलो. प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या, पुढे एक मायक्रोफोन, आणि दाराशी एक वही, गायचे असेल त्याने तीत नाव लिहायचे. नाव लिहिलेले तेरा जण होते. प्रत्येकाने पुढे जाऊन, सगळ्यांकडे तोंड करून गाणे म्हटले आणि प्रत्येकाला टाळ्या मिळाल्या. झील अशी कोणी धरलीच नाही, कारण समोरच्या माणसाच्या मानेकडे बघत झील धरता येत नाही आणि ध्वनिवर्धकातून येणाऱ्या आवाजाला आपल्या आवाजाची गरज आहे असे कोणालाच वाटत नाही. सूत्रसंचालक सज्जन होता. त्याने घड्याळ अचूक पाळले. साडेबाराला सभागृहाचा रखवालदार दिवे मालवू लागला, आणि गंमत अशी की बाहेर पडल्यावर वाहनतळाच्या भिंतीला टेकून सहा-सात जणांनी गायला सुरुवात केली. त्यांतले चौघे पंचविशीच्या आतले होते.

मी आयोजनाच्या विरुद्ध आहे, असा अर्थ कृपया काढू नये. ईल्स फुटमध्येही अध्यक्ष होता, हे मी वर सांगितलेच आहे. पण तो खोलीतलाच एक गाणारा होता आणि त्याच्या हाती यादी नव्हती. कोण कालपासून गप्प आहे आणि कोणाला आवरायला हवे, हे त्याला ठाऊक होते. नेमलेल्या सूत्रसंचालकाला ते ठाऊक असणे शक्य नाही. आयोजकांना खरोखर काही करायचे असेल तर त्यांनी लाकडी जमिनीची, ठेंगण्या छताची, पेयविक्रीच्या जागेपासून दूर असलेली एक खोली रात्री अकरानंतर उघडी ठेवावी, खुर्च्या भिंतीशी रचून ठेवाव्यात आणि त्या खोलीविषयी कुठेही एक अक्षर छापू नये. ज्याला हवी असेल त्याला ती सापडते.

२०२० च्या उन्हाळ्यात महासाथीमुळे सिडमथसह जवळपास सगळे महोत्सव रद्द झाले आणि बैठका संगणकाच्या पडद्यावर भरल्या. आवाज पोहोचायला प्रत्येकाला वेगवेगळा उशीर होत असल्याने एकत्र गाणे अशक्यच होते. म्हणून एकाने गायचे आणि बाकीच्यांनी आपला आवाज बंद करून घरी एकट्याने झील धरायची, अशी तोड निघाली. चाळीस चौकोनांत चाळीस तोंडे हलत, पण ऐकू येई एकच आवाज. अंथरुणाला खिळलेले आमचे काही मित्र मात्र त्या दिवसांत कित्येक वर्षांनी बैठकीला आले, हेही नोंदवले पाहिजे. त्यांच्यासाठी ती पडद्यावरची बैठक अजून महिन्यातून एकदा भरते आणि तिच्यात गाणाऱ्यांची सरासरी झोपेची वेळ रात्री दहाची आहे.

आपल्या पुरवणीने या विषयावर पुन्हा लिहावे, अशी माझी विनंती आहे. फक्त पुढच्या वेळी प्रतिनिधीला मंचासमोरचा पास देण्याऐवजी जवळपास मुक्कामाची सोय करून द्यावी, रात्री साडेअकरापर्यंत त्याने काहीही लिहू नये, आणि त्यानंतर जिथे खुर्च्या गोल दिसतील तिथे जाऊन बसावे. पाळी त्याच्याकडेही येईल. गाणे येत नसेल तर मान हलवली तरी चालते.

कळावे, लोभ असावा.

आपला,
इंग्लंडातील एक जुना वाचक